रिकाम्या पोटाचा पहिला तास

मी तेवीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय, पण शिक्षकांच्या खोलीत माझी ओळख 'वेळापत्रकवाल्या बाई' अशीच आहे. अठ्ठावीस वर्ग, चाळीस शिक्षक आणि प्रयोगशाळा एकच. एकाच तासाला दोन वर्ग तिच्या दारात येऊन थडकले, तर दोष मुलांचा नसतो, तक्ता लावणाऱ्याचा असतो. ४४व्या वर्षी मला मधुमेह निघाला, ४९व्या वर्षी थायरॉइड कमी पडतंय असं कळलं, आणि पुढचे सहा महिने रोज सकाळी माझ्या पोटाच्या दारात नेमका हाच गोंधळ चालू होता. तक्ता अर्थात मीच लावलेला.

झालं असं, की थायरॉक्सिनच्या गोळीबरोबर 'सकाळी उपाशीपोटी' ही सूचना आली. मधुमेहाच्या गोळ्या मी सकाळीच घ्यायचे. म्हटलं, एकदाच उरकून टाकू. तोंड धुतलं की थायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि वर हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची जाडजूड गोळी, सगळं एका दमात. त्यानंतर तासभर काही खायचं नाही, हा नियम मात्र मी अगदी काटेकोर पाळायचे! म्हणजे थायरॉक्सिन आतड्यात कॅल्शियमला चिकटून न शोषताच पुढे जात होतं, आणि ग्लिमेपिराइड रिकाम्या पोटी शुगर खाली ओढत होतं. एका सकाळी शाळेला निघताना दाराचं कुलूप लावता येईना, इतका हात थरथरत होता. घाम फुटलेला. शुगरच्या मीटरवर ५८. त्याच महिन्यात टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) ११ आला, म्हणजे जास्त. गोळी चालू असूनही. डॉक्टर डोस वाढवायला निघाल्या होत्या, पण लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "आधी मला सांगा, गोळी घेता कशी?" त्या एका प्रश्नाने माझा डोस वाढायचा राहिला. तुम्हाला हा प्रश्न कुणी विचारला नसेल, तर तुम्हीच स्वतःला विचारा.

दोन घड्याळं

तक्ता लावण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: या दोन आजारांचा वेग वेगळा आहे. शुगर मिनिटांत बोलते. खाल्लं की वर, चाललं की खाली, गोळी चुकली की त्याच दिवशी मीटर चुगली करतं. थायरॉइड सहा आठवड्यांनी बोलतं.

याचं गणित सोपं आहे. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. म्हणून डोस बदलला, की पहिल्या आठवड्यात बदलाचा निम्मा परिणाम दिसतो, दुसऱ्यात ७५ टक्के, तिसऱ्यात ८७, मग ९४, आणि पाचव्या आठवड्यात कुठे ९७ टक्क्यांपर्यंत गाडी पोचते. त्यानंतर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जागी होऊन आपला टीएसएच जुळवून घेते. म्हणून डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी सांगतात. मी दुसऱ्याच आठवड्यात 'काहीच फरक नाही' म्हणून स्वतःच्या खर्चाने टीएसएच करून आले होते. तो आकडा निरर्थक होता. अर्धा पेपर लिहून झाल्यावर हिसकावून तपासल्यासारखा.

याची दुसरी बाजू म्हणजे, थायरॉइडची गोळी एखाद्या दिवशी राहिली तर आभाळ कोसळत नाही. त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं असताना घ्यावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी. मधुमेहाच्या गोळीला किंवा इन्सुलिनला ही सवलत नाही. तिथे 'सकाळचं राहिलं म्हणून संध्याकाळी दुप्पट' हा हिशोब थेट शुगर लो करणारा आहे. एका आजाराची शिस्त दुसऱ्याला लावू नका.

तक्ता

पहिला तास थायरॉक्सिनचा. एकट्याचा. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर ३० ते ६० मिनिटं चहा, कॉफी, दूध, काहीही नाही. कॉफी विशेष नडते. 'बिनसाखरेची आहे ना' असं म्हणून चालत नाही, अडचण साखरेची नाहीच.

दुसरा तास न्याहारीचा, आणि मधुमेहाच्या गोळ्या तिच्याबरोबर. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या ताट समोर आल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. आत अन्न आहे की नाही हे त्या विचारत नाहीत. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलं की मळमळ कमी होते.

कॅल्शियम, लोह, आम्लपित्ताचं पातळ औषध हे सगळं थायरॉक्सिनपासून किमान ४ तास दूर. मी कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर टाकलं आणि विषय संपला. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही लोह आणि कॅल्शियम असतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेत असाल (आणि या दोन आजारांच्या जोडीत बद्धकोष्ठ पाहुणा नव्हे, घरचाच असतो) तर ते रात्री घ्या. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांचा प्रश्न निराळा. त्या पोटातलं आम्लच कमी करतात, म्हणून वेळ बदलून फारसा उपयोग होत नाही. अशी गोळी नव्याने रोजची झाली किंवा बंद झाली, तर थायरॉइड सांभाळणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

सकाळचा तास ज्यांना मिळतच नाही, त्यांच्यासाठी रात्रीचा पर्याय आहे: शेवटचं खाणं होऊन निदान ३ तास झाले, की झोपताना थायरॉक्सिन. पण मधुमेह्याने यात एक खाच ओळखावी. रात्री शुगर लो होऊ नये म्हणून तुम्ही झोपताना काही खात असाल, तर ही वेळ तुमची नाही.

आणखी एक टक्कर अलीकडची. मधुमेहाचं औषध सेमाग्लुटाइड आता तोंडाने घ्यायच्या गोळीतही मिळतं, आणि तिलाही सकाळचं रिकामं पोटच हवं असतं, जेमतेम अर्धा कप पाणी आणि नंतर अर्धा तास काही नाही. शिवाय तिच्यामुळे रक्तातलं थायरॉक्सिन वाढू शकतं. म्हणजे एका प्रयोगशाळेवर दोन वर्गांचा हक्क. हे भांडण घरी सोडवू नका. डॉक्टरांसमोर दोन्ही गोळ्या ठेवा आणि कुणाला कुठली वेळ हे त्यांच्याकडून लिहून घ्या. यात थायरॉक्सिन रात्रीकडे सरकवता येईल का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

गोळी मूळ पाकिटातच ठेवा, कोरड्या जागी, उन्हापासून आणि शेगडीपासून लांब. कंपनी शक्यतो बदलू नका. बदलावीच लागली तर तारीख लिहून ठेवा आणि ६ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

धडधड कुणाची?

ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. शुगर लो झाली की घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. थायरॉक्सिन जास्त झालं तरी घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. अंगाला काय वाटतंय यावरून हे वेगळं ओळखता येत नाही, आणि ओळखण्याचा प्रयत्नही करू नये. मीटर काढायचं.

७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट भरलेले साधारण चार लहान चमचे, किंवा तेवढंच ग्लुकोज. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी मात्र ग्लुकोजच जवळ बाळगावं, कारण या गोळ्या साध्या साखरेचं पचनच अडवून धरतात. मीटर हाताशी नसेल तर शुगर लो आहे असं समजून आधी गोड खा, कारण तेवढ्याने फारसं बिघडत नाही. वाट बघण्याने बिघडतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम तेवढा उरतो. तेव्हा नुसत्या घामालाही मान द्या.

आकडा ११५ आहे आणि धडधड रोजची झाली आहे, झोप उडाली आहे, वजन उतरतंय, तर संशय थायरॉइडच्या डोसवर. पण इथेही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. छातीत दुखत असेल किंवा ठोके वेडेवाकडे पडत असतील तर तपासणीची तारीख बघत बसू नये, त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

तीन महिन्यांची सरासरी कधी फसवते

गणिताच्या बाईला सरासरीने फसवावं! थायरॉइडचं निदान झालं तेव्हा माझा एचबीएवनसी ७.८ होता. थायरॉक्सिनची घडी बसल्यावर, चार महिन्यांनी, ७.२. मी खूश. पण मीटरची वही उघडली तर उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे होते तिथेच, दोन-चार इकडेतिकडे. मग सुधारलं काय?

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींना किती साखर चिकटली त्याचं माप. पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि जितकी जुनी तितकी साखर जास्त. थायरॉइड कमी असताना हाडांच्या मगजातलं नव्या पेशींचं काम मंदावतं. शाळेत नवी मुलं आलीच नाहीत तर मुलांचं सरासरी वय वाढेल, तसं रक्तातल्या पेशींचं सरासरी वय वाढतं आणि साखर तेवढीच असूनही आकडा फुगतो. गोळी सुरू झाली की नव्या पेशींची भरती होते आणि आकडा उतरतो. लोह कमी असेल तरी आकडा फुगू शकतो.

म्हणून टीएसएच जागेवर नसताना एचबीएवनसी एकट्याने वाचू नका. त्या काळात मीटरचा शब्द खरा धरा: बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत. वय, इतर आजार, शुगर लो होण्याची भीती यांप्रमाणे तुमचे आकडे वेगळे ठरले असतील तर तेच तुमचे.

डोस हलला की शुगर हलते

थायरॉइड मंद असताना शरीरात इन्सुलिनचा निचरा हळू होतो आणि यकृतही साखर सोडायला कंजूषी करतं. म्हणून इन्सुलिन किंवा शुगर ओढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तीच मात्रा जड पडू लागते. थायरॉक्सिन सुरू झालं की उलटं होतं, आणि औषध थोडं वाढवावं लागू शकतं. त्याच वेळी स्नायूंना इन्सुलिनचा उपयोग जास्त चांगला होऊ लागतो, म्हणजे काहींची शुगर सुधारतेही. तुमच्या बाबतीत कुठलं पारडं जड होईल ते अंदाजाने सांगता येत नाही. मी एवढंच करते: थायरॉइडचा डोस बदलला की पुढचे सहा आठवडे मीटरच्या पट्ट्या नेहमीपेक्षा जास्त खर्च करते, आणि वहीत त्या तारखेला लाल रेघ मारते.

माझ्या धाकट्या चुलत बहिणीला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. तिचा फोन आला, "ताई, काही बदललं नाही गं, तरी रोज लो होतेय." जेवण तेच, इन्सुलिन तेवढंच. टीएसएच केला तेव्हा कळलं. टाइप १ मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडावर उलटलेली असते आणि तीच पुढे थायरॉइडकडे वळण्याची शक्यता बरीच असते. म्हणून अशांचा टीएसएच निदानानंतर लवकर आणि मग दर एक-दोन वर्षांनी बघतात. तिच्या डॉक्टरांनी थायरॉक्सिन देण्याआधी कॉर्टिसॉल हे अॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोनही तपासलं, कारण लो होण्याबरोबर तिला चक्कर येत होती आणि वजन घटत होतं. मूत्रपिंडांवरच्या या अॅड्रिनल ग्रंथी कमी काम करत असतील आणि आधी थायरॉक्सिन दिलं, तर प्रकृती एकदम ढासळू शकते. तिचा रिपोर्ट ठीक निघाला.

थकवा आला की

या जोडीतला सगळ्यात चिडवणारा भाग थकवा. शुगर जास्त असली तरी थकवा, कमी असली तरी, थायरॉइड कमी असलं तरी. कोरडी त्वचा, सुस्ती, उदास वाटणं, तेच. आणि घरच्यांचं ठरलेलं वाक्य: "थायरॉइडमुळे असेल." मी वर्षभर हेच ऐकलं, मलाही पटलं होतं. टीएसएच २.६, म्हणजे उत्तम. तरी जिना चढताना पाय शिशाचे, आणि तळव्यांना मुंग्या. मुंग्या आल्या म्हणजे मधुमेहाने नसा गेल्या, असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि गप्प बसले. निघालं काय, तर बी१२ जीवनसत्त्व कमी, आकडा १४०. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी१२ कमी पडू शकतं, आणि थायरॉइड स्वतःच्याच संरक्षण यंत्रणेने बिघडलं असेल तर पोटाकडून बी१२ शोषण्यातही अडथळा असू शकतो. इंजेक्शनं घेतल्यावर दोन महिन्यांत जिना पुन्हा जिन्यासारखा वाटू लागला. म्हणून थकव्याला माझ्याकडे आता क्रम आहे. आत्ताची शुगर किती, शेवटचा टीएसएच कधीचा, हिमोग्लोबिन आणि बी१२ कधी बघितलं, झोप किती. हे चारही ठीक असतील तरच मी त्याला नुसता थकवा म्हणते.

उजवा खांदाही असाच आखडला होता. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिता येईना. खांदा आखडण्याचं प्रमाण मधुमेहात जास्त असतं, थायरॉइडच्या आजाराशीही त्याचा संबंध दिसतो. मी लाजेखातर सात महिने खालच्या ओळीपासून लिहायला सुरुवात करत होते. तेवढा उशीर करू नका, व्यायामोपचार लवकर सुरू झालेला बरा.

वजनाबद्दल थोडं कडू बोलते. थायरॉइड कमी झाल्याने वाढणारं वजन बहुधा अडीच ते पाच किलोंचं असतं, त्यातही मीठ आणि पाणी बरंच. माझं अकरा किलो वाढलं होतं. गोळीने तीन उतरले. उरलेले आठ माझेच होते. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं जेवणानंतरच्या शुगरवर लगेच दिसतं, आणि थकलेल्या माणसाला जमण्यासारखंही आहे. आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य ऐकून मी आधी हसले होते. तीन वेळच्या जेवणानंतरचं चालणं जोडलं तेव्हा ते आपोआप ओलांडलं गेलं.

खाण्याच्या याद्यांनी घाबरू नका. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ला तर काही होत नाही, आणि मधुमेहात भाज्या टाकून चालणारही नाही. सोयाबीन गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा, बस. आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची पूड मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. जादा आयोडीनने कमी पडणारं थायरॉइड आणखी बिघडू शकतं.

रक्त द्यायच्या दिवशी

टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या. त्या दिवशीचं थायरॉक्सिन रक्त दिल्यावर घ्या, कारण टी४ (रक्तातलं थायरॉक्सिन) बघणार असतील तर गोळीनंतरचे काही तास तो वर गेलेला असतो. मधुमेहाची गोळी आणि डबा बरोबर न्या. खायला मिळेपर्यंत गोळी पाकिटातच. इन्सुलिन घेत असाल तर त्या सकाळी किती घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर निदान दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि प्रयोगशाळेत सांगा. काही यंत्रांवर त्याच्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो, आणि चांगला बसलेला डोस उगाच कमी केला जातो.

कोलेस्टेरॉलचंही असंच. थायरॉइड कमी असताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं. टीएसएच जागेवर आल्यावर ते पुन्हा मोजून घ्यावं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असताना स्नायू दुखायला लागले तर गोळी परस्पर बंद न करता आधी टीएसएच बघायला सांगा, कारण थायरॉइड कमी असताना ही दुखणी जास्त होतात. डोळ्यांचा पडदा, पाय, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन हे वर्षाचे चार तास मधुमेहाच्या खात्यावर आहेतच. ते थायरॉइडच्या नादात चुकतात, हे मी स्वतः चुकवून सांगते. गरोदरपणाचा विचार असेल तर दोन्ही आकडे आधी जागेवर आणा, आणि दिवस राहिल्याचं कळल्या दिवशी फोन करा. थायरॉक्सिनची गरज तेव्हा बहुतेकींची वाढते.

कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आहे. पहिली ओळ: ६.००, थायरॉक्सिन, पाणी. दुसरी: ७.००, ताट समोर आल्यावर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. तिसरी: १.३०, जेवणाबरोबर कॅल्शियम. चौथी: ८.३०, जेवणाबरोबर मेटफॉर्मिन. खाली डोस बदलल्याच्या तारखा आणि पुढच्या टीएसएचची तारीख. मी घरी नसताना काही झालंच तर दाखवायला याचाच फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी तो उघडला तो, मी अजून चहा का मागत नाहीये ते बघायला. सहा चाळीस झाले होते.